दाराआडचा कोट

चिलेंजेतल्या त्या दोन खोल्यांच्या कचेरीत
एक टाइपरायटर होता, एक दात पडलेला,
आणि दाराआड खुंटीला जाड लोकरी ओव्हरकोट.
लुसाकात. ऑक्टोबरात.
पत्र्याखाली माणूस नुसता बसून वितळतो तेव्हा.

कोट कुणाचाच नव्हता.
जो कोणी उत्तरेला जायचा,
स्टॉकहोम, जिनिव्हा, न्यूयॉर्क,
त्याच्या अंगाला मी तो रातोरात आणायची.
लेरुमो बुटका, बाह्या आत दुमडल्या.
म्झिमखुलू ताडमाड, त्या पुन्हा सोडल्या;
मनगटाशी जुन्या घडीची रेघ
कितीही इस्त्री फिरवली तरी गेली नाही.
सिझाकेलेबाईंसाठी बटणं डावीकडे घेतली, तर हसून म्हणाल्या,
मुटिंटा, बटणांपर्यंत कोण पोचतंय,
तिथे नजर कातडीशीच थांबते.

पासपोर्टही असेच, उसने.
एका देशाने आडनाव दिलं, दुसऱ्याने जन्मगाव,
स्वतःच्या देशाने फक्त वॉरंट.

कोट परत आला की मी खिसे उलटे करायची.
ट्रामची तिकिटं.
हॉटेलातल्या साखरेच्या पुड्या (महिनाभर चहा गोड).
एक हातमोजा, एकच,
दक्षिणेची संत्री उतरवायला नकार देणाऱ्या
कुठल्याशा गोदीतल्या माणसाचा.
दुसरा त्याने स्वतःकडे ठेवला होता म्हणे.
आणि ठरावाचा मसुदा, पेन्सिलीने गिचमिड:
‘धिक्कार’ खोडून ‘निषेध’,
‘निषेध’ खोडून ‘तीव्र खेद’,
त्यावर काट मारून ‘चिंता’.
एका शब्दाला तीन दिवस, लेरुमो म्हणाला.
मग शेवटी काय ठरलं?
‘गंभीर चिंता.’
त्यातलं ‘गंभीर’ आपण मिळवलं,
असं म्हणून त्याने चहात चौथी पुडी फोडली.

तोच मतदान करून दाखवायचा, खुर्चीवर उभा राहून.
हा बघ, एका बेटावरचा म्हातारा,
त्याच्या देशात आपल्या बाजाराएवढीसुद्धा माणसं नाहीत,
पण हात सगळ्यांच्या आधी वर.
आणि मोठे देश?
त्यांनीही हात वर केले, मुटिंटा.
पण ते वेगळे.

मंगळवारी पार्सल आलं. वर लिहिलं होतं, पुस्तकं.
मी मागे पाणी भरत होते.
लेरुमोला पुस्तकांची हाव.

पुढचं मी सांगत नाही.
टाइपरायटरची अक्षरं नंतर अंगणात सापडत राहिली,
पावसाळा लागेपर्यंत.

कोट त्या दिवशी न्यूयॉर्कला होता, म्झिमखुलूच्या अंगावर.
त्याला व्हरांड्यात कळलं.
आत जाऊन त्याने भाषण वाचलं, अर्ध्या तासाचं,
लेरुमोनेच लिहिलेलं,
जिथे जिथे ते अक्षर उमटत नव्हतं
तिथे तिथे लेरुमोने हाताने भरलेलं.

या वेळी खिशात शोकपत्रं निघाली.
जाड कागद, सोनेरी मुद्रा.
जे तटस्थ राहिले होते त्यांचीही.
त्यांनाही खेद होता. तीव्र.
तळाशी एक तपकिरी बटण:
आपलं तुटलेलं पाहून बेटावरच्या म्हाताऱ्याने
भर सभेत स्वतःच्या कोटाचं ओढून काढून दिलेलं.
रंग जुळत नाही. मी लावलं.

आता थोलाकेले समोर उभी आहे, एकोणीस वर्षांची,
उद्याच्या विमानाने पहिल्यांदाच निघालेली.
ती लेरुमोएवढीच भरते.
बाही आत घेताना कापड आपोआप मुडपलं,
त्याच रेघेवर.
बर्फ कसा असतो गं मावशी, ती विचारते.
मला काय माहीत, मी म्हणते,
माझ्या तोंडात टाचण्या आहेत,
हात वर कर. अजून वर.